चष्मेवाले तिघे

'स्लॅप शॉट' हा आइस हॉकीवरचा सिनेमा मी २००१ साली अर्ध्यावर बंद केला होता. माटुंग्याला मित्राच्या घरी, त्याच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर. पॉल न्यूमन आहे म्हणून मी हट्टाने बसलो होतो. 'द स्टिंग' नुकताच पाहिलेला, आणि दिग्दर्शकही तोच, जॉर्ज रॉय हिल. इथे मात्र न्यूमन चामड्याची पँट घालून फिरणारा, वय उलटून गेलेला खेळाडू-प्रशिक्षक. शिवी दिल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. बर्फावर हॉकी कमी आणि मारामाऱ्या जास्त. मी कबड्डीवाल्याचा पोरगा, मातीला हात लावून मैदानात उतरायचं असं ऐकत वाढलेला. "हा खेळाचा अपमान आहे," असं काहीतरी भारदस्त बोलून उठलो. मित्र अजून त्यावरून चिडवतो.

गेल्या जुलैत एक दिवस लोकल ठप्प झाल्या आणि मी काळाचौकीला बाबांकडेच अडकलो. आई दुपारची झोपलेली. टीव्हीवर काय लावावं सुचेना, तेव्हा हाच सिनेमा समोर आला. म्हटलं बघू, या खेपेला किती वेळ टिकतो.

बाबांना इंग्रजी येत नाही. उजवा पाय स्टुलावर ठेवून ते बसले होते. तो गुडघा कबड्डीने खाल्लाय, कव्हरला खेळायचे ते. बदली कामगार म्हणून गिरणीत लागले तेही खेळाच्या जोरावर. सकाळची पाळी, मग सराव, आणि व्यावसायिक गटाच्या स्पर्धा आल्या की खात्यातून लवकर सुट्टी. मी त्यांना अधूनमधून गोष्ट सांगत होतो. गाव गिरणीचं आहे. गिरणी बंद होणार, १०,००० लोक घरी बसणार. म्हणजे तिकीट काढून मॅच बघणारेच उरणार नाहीत, तेव्हा संघही जाणार.

"ह्येंका म्हायत आसा?"

म्हटलं, हो, पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

"मगे खेळतत कित्याक?"

माटुंग्यात हा प्रश्न मला पडला नव्हता. गिरणी तेव्हाही पडद्यावर होतीच की. मी शिव्या मोजत बसलो होतो.

मग ते तिघे हॅन्सन बंधू आले. जाड काळ्या काड्यांचे चष्मे, लांब केस, सामानात खेळण्यातल्या मोटारी, आणि मुठींना वर्ख गुंडाळून मैदानात. एका सामन्यात तर खेळ सुरू व्हायच्या आधी, सरावातच तुंबळ मारामारी होते. पुढे राष्ट्रगीत चालू असताना पंच त्यातल्या एकाला दम द्यायला येतो, तर तोच उलटा पंचांवर खेकसतो की मी गाणं ऐकतोय. बाबा इतके हसले की ठसका लागला. आमच्या संघात पण एक असा होता, म्हणाले, चष्मा दोरीने बांधून चढाईला जायचा. तो पुढे कुठे गेला ते मात्र त्यांना आठवेना.

हे तिघे नट नव्हेत, खरेच खेळाडू. दोघे सख्खे कार्लसन बंधू आणि तिसरा डेव्ह हॅन्सन. तिसऱ्या कार्लसनला वरच्या संघाचं बोलावणं आलं म्हणून त्याच्या जागी हा. पटकथा लिहिणाऱ्या नॅन्सी डाउडचा भाऊ पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या संघातून खेळायचा, तिथूनच तिने हे सगळं उचललं. चित्रीकरणही बरंचसं त्याच पोलादाच्या गावात झालं. सिनेमा आला १९७७ साली, आणि तो खरा संघ त्याच वर्षी बंद पडला.

आवडला म्हणजे सगळंच आवडलं असं नाही. न्यूमन मालकिणीच्या घरी जातो तो प्रसंग. बाई शांतपणे सांगते की संघ विकता येईल, पण कर वाचवायचा तर बंद केलेलाच परवडतो. मुलांना ती हॉकी बघूच देत नाही. इथपर्यंत तो प्रसंग अंगावर येतो. त्यावर न्यूमन तिच्या मुलाबद्दल जे बरळतो ते आजही ऐकवत नाही. बाबांना मी ते सांगितलं नाही. "काय म्हणाला?" "वाईट बोलला." "बाईला? मग हा पण काय कामाचा."

शेवटी सगळे एकमेकांना रक्तबंबाळ करत असताना एक शिकलेला खेळाडू मारामारी नाकारून बर्फावर एकेक कपडा उतरवत फिरतो. रक्ताचं कुणाला काही नाही. कपडे उतरवल्यावर मात्र समोरचा कप्तान इतका पिसाळतो की पंचालाच ठोसा मारतो, आणि सामना हातचा घालवतो. बाबांनी आधी स्वयंपाकघराकडे तोंड फिरवलं, मग हळूच पुन्हा टीव्हीकडे.

पण ते खरे गप्प झाले होते मध्येच, न्यूमन ती थाप सोडतो तेव्हा. फ्लोरिडातलं कुणीतरी संघ विकत घेणार आहे, अशी. पोरं हुरळून जातात आणि जिंकायला लागतात. मी आवाज कमी केला.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरणीचा संघ संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही, बाबा म्हणाले. उलट बातमी होती की एक बँक अख्खा संघ नोकरीवर घेणार. त्या भरवशावर चार महिने, पगार नसताना, रोज संध्याकाळी सराव.

"कुठली बँक?"

"नाव कुणी विचारलंच नाय."

"आणि बातमी आणली कुणी?"

त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला, गुडघा दोन्ही हातांनी चोळला.

"कप्तान कोण होता, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. त्यांच्या कप्तानकीचा फोटो टीव्हीच्या वरच लावलाय.

मग म्हणाले, ते चष्मेवाले मागे घे जरा, आईला उठवतो.