नुसतं 'छान'

आज वर्गात निबंधांची अदलाबदल झाली. मैत्रिणीचा निबंध वाचून मी सवयीने समासात 'छान' लिहिलं आणि मोकळी झाले. मग माझा निबंध परत आला. त्यावरही 'छान'. दोन रात्री जागून लिहिलेल्या चार पानांवर एवढंच! आधी राग आला, मग लाज वाटली. मी तरी दुसरं काय केलं होतं?

तिचा निबंध पुन्हा मागून घेतला, या वेळी पेन्सिल घेऊन. पहिले दोन परिच्छेद 'आजच्या धावपळीच्या युगात' वगैरे. खरा मुद्दा तिसऱ्यात, तोही एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला. तिथे खूण करून लिहिलं, 'इथूनच सुरुवात केलीस तर?' (शुद्धलेखनाला हात लावला नाही. परिच्छेदच उडणार असेल तर त्यातल्या वेलांट्या सुधारून काय उपयोग?) शेवटचं वाक्य मात्र खोडता खोडता थांबले. मी तसं लिहिलं नसतं, एवढ्यावरून ते चुकीचं ठरत नाही.

तिने वाचलं. मिनिटभर गप्प. मग म्हणाली, "तुझा आण इकडे."

आता माझ्या निबंधावर सतरा खुणा आहेत. चौदा पटल्या. उरलेल्या तिन्हींवरून उद्या भांडणार आहोत.