रेघ कागदाची की जमिनीची?

नकाशावर एक बाण काढायचा होता, एवढंच. खाली उंचीचा रास्टर (चौकटींच्या जाळीतला नकाशा), त्यावर तळ्यांचा व्हेक्टर (बिंदू-रेघांचा नकाशा), आणि एका तळ्याकडे बोट दाखवणारा लाल बाण, शेजारी दोन शब्द. ग्रास जीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलेलंच होतं म्हणून त्यातली डी.ग्राफ ही चित्र काढायची कमांड वापरली, आकडे अंदाजाने टाकत चार-पाच प्रयत्नांत बाण बरोब्बर तळ्याच्या काठाला टेकला, जाम आनंद झाला आणि फाईल तशीच ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा जरा झूम करून स्क्रिप्ट परत चालवली, प्रिंट काढली, सगळ्यांसमोर ठेवली, तर एकीनं लगेच विचारलं की हा बाण रस्त्याकडे का दाखवतोय? तळं सरकलं होतं आणि बाण होता तिथेच होता.

त्या दिवसापासून डी.ग्राफमध्ये काहीही काढायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते, ही रेघ कागदाची आहे की जमिनीची? आज त्याबद्दलच लिहितेय, कारण नवीन शिकणारे बहुतेक जण इथेच अडकतात असं मला दिसतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

डी.ग्राफ म्हणजे खरं तर एक पेन आहे. एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये एकेका ओळीवर एकेक हुकूम लिहायचा. मूव्ह म्हणजे पेन उचलून तिथे ने, ड्रॉ म्हणजे आत्ता आहेस तिथून इथपर्यंत रेघ ओढ, कलर, विड्थ, टेक्स्ट, पॉलिलाइन, पॉलिगॉन, बास, दहा-बारा शब्दांत सगळी भाषा संपते. ग्रासचं काम १९८२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरिंग कोअरच्या एका संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं, १९९९ मध्ये ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आलं, आणि इतक्या वर्षांनंतरही त्या डी. वाल्या कमांड टर्मिनलवरून तशाच चालतात, मला याचं खरंच कौतुक वाटतं.

आता मुद्द्याचं. काहीच न सांगता डी.ग्राफ चालवलं की ते आकडे टक्के म्हणून घेतं. खालचा डावा कोपरा शून्य शून्य, वरचा उजवा शंभर शंभर. म्हणजे पन्नास पन्नासला काढलेला बाण कायम चित्राच्या मध्यभागीच असणार, खाली नकाशा कुठलाही येवो. हा झाला कागद. कमांडला मायनस एम हा फ्लॅग (जास्तीचा पर्याय) लावला की तेच आकडे नकाशाचे कोऑर्डिनेट होतात, आणि नकाशा सरकला की रेघही त्याच्याबरोबर सरकते. ही झाली जमीन. फरक एवढाच आहे, एका अक्षराचा, पण माझा बाण रस्त्यावर गेला तो त्या एका अक्षरापायी.

उदाहरण घेऊ म्हणजे नीट कळेल. ग्रास शिकणाऱ्यांना नॉर्थ कॅरोलायनाचा सॅम्पल डेटा माहीत असतो, त्यात एलिव्हेशन नावाचा रास्टर आहे. जी.रीजन (कामाचा प्रदेश ठरवणारी कमांड) त्यावर सेट केलं की पश्चिम ६३०००० ते पूर्व ६४५०००, दक्षिण २१५००० ते उत्तर २२८५००, सगळं मीटरमध्ये, एक सेल (रास्टरची एक चौकट) १० मीटरचा, म्हणजे १५०० कॉलम आणि १३५० ओळी. समजा डी.मॉन स्टार्ट=कैरो करून, म्हणजे चित्र फाईलमध्ये उतरवायला सांगून, १२०० बाय ८०० पिक्सेलची पीएनजी काढताय. साडेतेरा किलोमीटर उंची ८०० पिक्सेलमध्ये बसवायची म्हणजे एक पिक्सेल साधारण १६.९ मीटरचा, मग १५ किलोमीटर रुंदीला ८८९ पिक्सेल पुरतात आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ १५५-१५५ पिक्सेल मोकळे राहतात. टक्के मात्र अख्ख्या १२०० वर मोजले जातात! त्यामुळे शीर्षकासाठी तुम्ही मूव्ह ५ ९२ लिहिलंत तर ते नकाशाच्या आत सुरू न होता त्या मोकळ्या पट्टीतच सुरू होणार. दुसरं म्हणजे दहा टक्के आडवे १२० पिक्सेल आणि दहा टक्के उभे ८० पिक्सेल, म्हणून टक्क्यांत काढलेला चौकोन चौरस दिसत नाही, आडवा पसरतो. यात सॉफ्टवेअरचं काही चुकत नाही, कागदच चौरस नाहीये. चौरस हवा असेल तर हिशोब करून आडवे ८ आणि उभे १२ घ्या, दोन्हीकडे ९६ पिक्सेल येतात.

मी आता सरळ दोन फाईली ठेवते. कागदाच्या फाईलमध्ये शीर्षक, चौकट, कोपऱ्यातली तारीख. जमिनीच्या फाईलमध्ये बाण, ठिकाणांची नावं, अभ्यासाच्या भागाची हद्द. दोन वेळा डी.ग्राफ, दुसऱ्यांदा मायनस एमसह. स्केल आणि उत्तर दिशा मात्र हाताने काढायच्या भानगडीत पडू नका, डी.बारस्केल आणि डी.नॉर्थॲरो आहेत ना, हाताने काढलेली स्केलची पट्टी नकाशा झूम केला की सरळ खोटी ठरते.

जमिनीच्या फाईलचीही एक अडचण आहे ती आधीच सांगते. बाणाची लांबी आता मीटरमध्ये असते. ८०० मीटरचा बाण वरच्या नकाशात ४७ पिक्सेलचा दिसतो, छान दिसतो, पण दहापट मोठा प्रदेश दाखवला तर तोच बाण पाच पिक्सेलचा ठिपका होतो. टोक तळ्यावरच असतं पण दिसणार कुणाला! म्हणून लहान नकाशासाठी आणि मोठ्या नकाशासाठी बाण वेगळा ठेवावा लागतो, टोकाचा कोऑर्डिनेट तोच, फक्त शेपूट लांब.

गोल काढायला मला सगळ्यात मजा येते. डी.ग्राफला वर्तुळाचा हुकूमच नाही, मग ऑक या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत एक लूप लिहायचा, केंद्र ६३८००० २२२०००, त्रिज्या १००० मीटर, दर १० अंशांना कोसाइन-साइन करून एकेक ओळ छापायची, वर पॉलिलाइन हा शब्द, आणि पहिला बिंदू शेवटी परत, नाहीतर गोल एका जागी उघडा राहतो. ३६ बिंदूंनी गोल टोकदार दिसेल अशी मला भीती होती म्हणून हिशोब केला, तर दोन बिंदूंमधली सरळ रेघ खऱ्या वर्तुळापासून जास्तीत जास्त ३.८ मीटर आत जाते, आपला सेलच १० मीटरचा, म्हणजे डोळ्याला काही कळत नाही. इथे पॉलिगॉन वापरू नका हं, तो आतून भरून टाकतो आणि खालचा नकाशा झाकला जातो.

आणि ही युक्ती जरूर करून बघा. रंगीत रास्टरवर लाल रेघ हरवते. मग तीच रेघ दोनदा काढायची, आधी विड्थ ६ कलर व्हाइट, मग त्याच आकड्यांवर विड्थ २ कलर रेड. हुकूम ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने एकावर एक चढतात, त्यामुळे लाल रेघेला दोन्हीकडून पांढरा गोट लावल्यासारखा दिसतो आणि हिरव्या-तपकिरी उतारांवरही ती उठून दिसते. क्रम उलटा झाला तर लाल रेघ पांढरीखाली गडप होते, आणि माणूस अर्धा तास रंगाचं नाव तपासत बसतो.

डी.ग्राफने काढलेलं काहीही डेटाबेसमध्ये जात नाही, ते फक्त चित्रावर असतं. त्या हद्दीचं क्षेत्रफळ हवं असेल, तिच्या आतली उंची मोजायची असेल, तर ती व्हेक्टर म्हणूनच आणायला हवी. पण दाखवण्यापुरतं असेल तर मला ही टेक्स्ट फाईलच आवडते, कारण प्रत्येक रेघेच्या वर हॅशचं चिन्ह टाकून लिहिता येतं की हा आकडा कुठून आला. माझ्या त्या बाणाच्या वर आता लिहिलंय, तळ्याचा ईशान्य काठ, कोऑर्डिनेट मॅप डिस्प्लेच्या खालच्या पट्टीवरून वाचला, मायनस एम लागतो. परवा तोच नकाशा मोठ्या पोस्टरसाठी हवा होता, डी.मॉनमध्ये फक्त विड्थ आणि हाइट वाढवली, दोन्ही फाईली परत चालवल्या, आणि आधी जाऊन बाणाचं टोक बघितलं, काठालाच टेकलेलं होतं.