भिंत भक्कम, पण वरून रान मोकळं

एका ऑफिसमधून बोलावणं आलं, तक्रार काय तर एचआरच्या केबिनमध्ये कोणाची पगारवाढ अडली ते शेजारच्या मीटिंग रूममध्ये बसलेल्यांना बसल्याजागी कळतं. जाऊन बघतो तर भिंतीवर आधीच राखाडी फोम चिकटवलेला. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही, हे मी प्रत्येक साइटवर सांगतो आणि प्रत्येक साइटवर फोम माझ्याआधी पोचलेला असतो.

भिंत तपासली, जिप्सम बोर्डाचे डबल थर, आत रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, काहीच खोट नाही. मग शिडी लावली, फॉल्स सीलिंगची एक मेटल टाइल काढली, डोकं आत घातलं आणि टॉर्च मारला. भिंत सीलिंगपाशीच संपलेली! वर स्लॅबपर्यंत दोन-अडीच फूट पोकळी, इकडून तिकडे सलग. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून स्पष्ट ऐकू आलं, "हा माणूस वर काय शोधतोय?"

त्या टाइल्सना बारीक भोकं असतात आणि मागे पातळ काळं कापड, खोलीतला आवाज शोषायला ते चांगलंच, पण अडवायला वजन लागतं आणि ते तिथे नाहीच, त्यामुळे आवाज भोकांतून वर, भिंतीवरून पलीकडे, आणि तिकडच्या भोकांतून खाली. साहेब म्हणाले जाड पत्र्याच्या टाइल्स टाकू. म्हटलं वजन दुप्पट केलंत तरी फार तर 6 डेसिबल मिळतील, तेही भोकं नसली तर.

शेवटी भिंतच जिप्समने स्लॅबपर्यंत नेली, आत रॉकवूल भरलं. सुतार खूश, मी पण खूश, संध्याकाळी टेस्ट घेतली तर आवाज येतोच आहे! परत वर चढलो. केबल ट्रे आणि एसीच्या डक्टभोवती तळहात जाईल एवढ्या फटी ठेवलेल्या. किरकोळ वाटतं, पण भिंतीची 1 टक्का जागा जरी उघडी राहिली तरी 50 डेसिबल अडवणारी भिंत 20 वर येते. बोर्डाचे तुकडे आणि सीलंट घेऊन रात्री नऊपर्यंत फटी बुजवत बसलो, आवाज डक्टच्या आतूनही जातो, म्हणून त्याला आतून अस्तर लावायचं काम दुसऱ्या दिवशी.

ते झाल्यावर साहेबांना मीटिंग रूममध्ये उभं केलं आणि मी केबिनमधून मोठ्याने एक ते पन्नास म्हटलं. बाहेर आलो तर म्हणाले, "करा ना सुरू."