ग्रांफू ते बातल: जुनी जिप्सी, एक तुटका बोल्ट आणि साडेनऊ हजारांची चिखलधुलाई

"रस्ता झालाय आता, अल्टोसुद्धा जाते." हिमाचलमधल्या ग्रांफू-बातल रस्त्याबद्दल हे मला मनालीत तिघांनी सांगितलं. त्यांच्यापैकी कोणी यंदा बातलला जाऊन आलंय का, एवढं विचारायचं मात्र राहिलं. परत येऊन चार दिवस झाले, कंबर अजून खुर्चीला टेकू देत नाही, त्यामुळे पुढचं जरा तिखट वाटलं तर सांभाळून घ्या.

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ची. १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, कागदावर ६० घोडे. (एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवालं इंजिन २००० साली आलं, त्याला ८०. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी कार्ब्युरेटरचा भाग गाळून वाचावा.) पुढे-मागे सबंध ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा), चारी कोपऱ्यांत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढच्या हबना हाताने फिरवायचं लॉक (ते लावलं की पुढची चाकं इंजिनाच्या जोराला जोडता येतात). माणसं दोन: मी आणि बायकोचा धाकटा भाऊ. चाक बदलता येतं आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात संथ गिअर) कधी टाकायचा ते कळतं, असं धरूनच लिहितोय. हे येत नसेल तर आधी जवळच्या डोंगरात शिका, स्पितीत नको.

सातारा ते मनाली चार दिवस लागले, काही घडलं नाही. पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी घेऊन दिल्लीत शिरण्याचा धोका पत्करू नका. आम्ही जयपूर, हिसार, अंबाला असे वळून गेलो. आरसीचं नूतनीकरण झालेलं असू द्या. पुढे.

निघण्याआधी महिनाभर मी नको तिथे जीव काढला. कार्ब्युरेटर उतरवून साफ केला, वॉल्व्ह सेटिंग, प्लग, फॅन बेल्ट, रेडिएटरचे सगळे होज. यातलं काहीही वाटेत कुरकुरलं नाही. निघायच्या सहा दिवस आधी मागचे पाटे मात्र नवे टाकले. आमचा मिस्त्री म्हणाला होता, "तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा, विसरू नका." मी विसरलो. (यू-बोल्ट म्हणजे पाटे ॲक्सलला जखडणारे यू आकाराचे बोल्ट.) नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात, गठ्ठा केसभर बारीक होतो आणि आवळलेले नट आपोआप ढिले पडतात. सातारा सोडून आम्ही दोन हजारांच्या आसपास किलोमीटर तसेच धावलो होतो.

आता तो रस्ता. अटल बोगदा (९.०२ किलोमीटर, दहा मिनिटांत पार) ओलांडून उजवीकडे कोकसर, पुढे ग्रांफू, आणि तिथे डांबराला रामराम. ग्रांफू, छतडू, छोटा दर्रा, बातल: सगळे मिळून पन्नासेक किलोमीटर. नकाशावर हा राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात ते चंद्रा नदीचं जुनं पात्र आहे आणि त्यात गाड्या जातात. दगड नारळाएवढे, गोल आणि सुटे. चाक एकावरून उतरतं ते दुसऱ्यावर आपटायलाच. पहिला गिअर, फोर-लो, ताशी सात-आठ किलोमीटर. काही तुकड्यांवर काम झालंय हे खरं, पण ते तुकडेच आहेत, आणि प्रत्येक चांगला तुकडा संपला की पुढचा खड्डा जास्त वेगात अंगावर येतो. माझा निकाल: अल्टो जाते, पण परत आल्यावर ती अल्टो राहत नाही.

मनालीतून आम्ही पोटभर नाश्ता करून आठला निघालो, ही दुसरी चूक. नाल्यांतलं पाणी हिमनदीचं असतं. रात्रीच्या थंडीने पहाटे ते घोट्याएवढं असतं, दुपारी दोनला गुडघ्याच्या वर जातं. पहाटे पाचला मनाली सोडा आणि दुपारच्या आत बातल गाठा. हबची लॉकं ग्रांफूलाच, कोरड्यात लावून घ्या. आमच्या शेजारी एक भाऊ नाल्याच्या मधोमध बर्फाच्या पाण्यात उतरून लॉक फिरवत होता. हब खरोखर धरतो का ते घरीच तपासा: गाडी टू-व्हीलवर ठेवायची, लॉक लावून पुढचं चाक उचलून हाताने फिरवायचं, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा) फिरला पाहिजे. वर्षानुवर्षं न वापरलेल्या हबमधलं ग्रीस साबणाच्या वडीसारखं झालेलं असतं.

छोटा दर्र्याच्या अलीकडे मागून 'टक्' असा आवाज आला. दगड उडाला असेल म्हणून मी पुढे रेटलं. शंभरेक मीटरवर मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी तिरकी चाललीय." स्टिअरिंग सरळ होतं, गाडी उजवीकडे ओढत होती. उतरून बघितलं. उजवं मागचं चाक आणि कमानीची पुढची कड यांच्यात चार बोटं जागा होती, डावीकडे सहा. म्हणजे डाव्या बाजूला ॲक्सल मागे सरकला होता.

पाट्यांचा गठ्ठा मधोमध एका बोल्टने जखडलेला असतो, तो सेंटर बोल्ट. करंगळीहून बारीक. त्याचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलला जागा दाखवतं. भार तो पेलत नाही, भार पेलायचे ते यू-बोल्ट. ते ढिले असले की प्रत्येक धक्क्याला ॲक्सल पुढे-मागे व्हायला बघतो आणि सगळा जोर त्या करंगळीवर येतो. माझे नट हाताने अर्धा आटा फिरले. लाज वाटली.

तिथे फोनला रेंज नाही, गॅरेज नाही. मागून आलेल्या ट्रकवाल्याने गाडी थांबवली (थांबावंच लागलं, वाट आम्हीच अडवली होती), खाली वाकून एकदाच बघितलं आणि म्हणाला, "सेंटर बोल्ट गया. टायर के पीछे पत्थर लगाओ." पुढे काम त्यानेच केलं, आम्ही पाने दिले. आमचा जॅक चेसिसखाली, त्याचा बाटली जॅक डिफरन्शियलखाली (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली). डाव्या बाजूचे यू-बोल्ट काढून ॲक्सल वर उचलला, पाट्यांचा गठ्ठा सी-क्लॅम्पने दाबून धरला. नवा बोल्ट त्याच्या पेटीतून निघाला, पण त्याला षटकोनी डोकं, भोक गोल. मग त्या माणसाने दगडावर बसून कानशीने ते डोकं घासायला घेतलं. चार-पाच घाव, फिरवायचं, भोकात घालून बघायचं, पुन्हा घासायचं. पाऊण तास. बोटं थंडीने जांभळी पडलेली, पण बोल्ट एकदाही हातातून सुटला नाही. बसला तेव्हा बाटलीला बूच बसावं तसा बसला. चारही नट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळले. पैसे विचारले तर विडीचं बंडल आहे का म्हणाला. नव्हतं. चिवड्याचा डबा दिला.

तीन तास गेले आणि पाण्याची वेळ नको तीच झाली. शेवटचे दोन नाले मी कसे पार केले ते मला नीट आठवत नाही. बातलला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

तर सामानात हे हवंच: दोन सेंटर बोल्ट (डोकं भोकात बसतं ते बघून घ्या), एक सी-क्लॅम्प, यू-बोल्टचे नट, बारीक कानशी, प्रॉपेलर शाफ्टचा एक क्रॉस (सांध्याचा तुकडा) आणि ग्रीस गन. छतावरचं कॅरिअर नको, गाडी आधीच उंच आणि अरुंद आहे. स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) नको, तो फोटोपुरता. त्या पैशांत ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करणाऱ्या तोंडाची) नळी वर इंजिनजवळ आणून बांधा. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. नाल्यांनंतर डिफरन्शियलचा बूच सैल करून तेलाचा थेंब बघा. दुधाळ चहासारखा दिसला तर तेल लगेच बदला.

कुंझुम खिंड (४,५५१ मीटर) चढताना इंजिनाने सुस्कारे टाकले. हवा विरळ, कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र समुद्रसपाटीच्या हिशेबाने सोडतो, त्यामुळे काळा धूर आणि पेट्रोलचा वास. साठातले पस्तीस-चाळीस घोडे उरतात. घाबरू नका आणि कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला) हात लावू नका. एअर फिल्टर झटका, आयडलिंगचा स्क्रू लागलाच तर थोडा फिरवा आणि काळे पडलेले प्लग बदलायला एक संच जवळ ठेवा. पेट्रोल मनालीत काठोकाठ भरा, पुढचा खात्रीचा पंप काझाला. टाकी ४० लिटरची, अंतर दोनशेच्या आत-बाहेर, पण फोर-लोमध्ये आमची गाडी लिटरला सहा-सातच देत होती. दहा लिटरचा कॅन हवाच.

लोसर ते काझा रस्ता बरा, काझाचे तीन दिवस छान गेले, पिनच्या खोऱ्यातही जाऊन आलो. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

आता साडेनऊ हजार. किन्नौर उतरून सतलजच्या खोऱ्यात रस्ता सुधारला, दहा दिवसांत पहिल्यांदा काटा पंचावन्नवर गेला आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की मेव्हण्याने डॅशबोर्ड धरला. जिप्सीवाले या थरथरीला भितात, आणि रास्त भितात: किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग, टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे), व्हील बेअरिंग, काहीही असू शकतं. वाटेतल्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रीने चाक वर-खाली धरून हलवलं, जरा खेळ दाखवला आणि म्हणाला, दोन्ही बाजूंचे किंगपिन बेअरिंग गेले. दोन तास चहा पिऊन या. आलो तेव्हा गाडी धुऊन चकाचक, साडेनऊ हजारांचं बिल, आणि खरंच, थरथर गायब. मी तर खूश होऊन गाडी धुणाऱ्या पोराला शंभर रुपये वर दिले.

घरी आमच्या मिस्त्रीने नकल (चाकामागचा वळणारा सांधा) उघडलं. किंगपिनच्या शिम्सवर (पातळ चकत्यांवर) त्यानेच चार वर्षांपूर्वी ओढलेली लाल रंगाची रेघ जशीच्या तशी. बेअरिंग जुनीच, सील जुनंच. मग थरथर कशाने गेली? पाण्याने. पिनच्या खोऱ्यातल्या चिखलाचा थर रिमच्या आतल्या बाजूला एकीकडे वाळून बसला होता, चाकाचा तोल गेला होता. पोराने पाइपने धुतला, बस्स. म्हणजे त्या गॅरेजात खरं काम फक्त त्या पोराने केलं आणि त्याला मिळाले शंभर.

तुमची गाडी थरथरली तर आधी रिम आतून खरवडा. मग चाक उचलून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. चाक डावी-उजवीकडे हलवून खेळ दिसला तर टाय रॉडचे एंड बघा. कुठेही काम दिलं तर निघण्याआधी नटावर मार्करने रेघ मारा, जुने पार्ट परत मागा आणि गाडीजवळून हलू नका. चहा तिथेच मागवा.

आणि उलट्या दिशेने जा. सिमला, किन्नौर, काझा, मग कुंझुम आणि बातल. शरीर हळूहळू उंचीला सरावतं, आणि ग्रांफूचा दगडांचा पट्टा शेवटी येतो, तेव्हा गाडीचं काय ढिलं आहे ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं. आम्ही बातलला ज्या डोकेदुखीत रात्र काढली ती कोणावर येऊ नये.

ट्रकवाल्याने घासलेला बोल्ट अजून गाडीतच आहे. मिस्त्रीने खाली सरकून बघितला, बोट फिरवलं, म्हणाला, "हा राहू दे, नव्यापेक्षा चांगला बसलाय." नवा आणलेला डिकीत, सी-क्लॅम्पशेजारी ठेवलाय.