ढगाचा माथा आणि घाटातला पाऊस

जुलै लागला की पुण्याजवळच्या आमच्या शिवण्याच्या नर्सरीत एकच प्रश्न असतो : मुठा नदीला आज पाणी किती येणार? खालच्या वाफ्यांवर झेंडू, मिरची, टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेले असतात. ते वर हलवायचे म्हणजे चार माणसं आणि अर्धा दिवस. त्यामुळे काय करायचं ते आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सिंहगडाकडे बघून ठरवतात. मी मोबाईलवर इन्सॅट या हवामान उपग्रहाचं चित्र उघडते. दोघांचं जुळलं तर प्रश्नच नसतो. नाही जुळलं तर आम्ही अण्णांचं ऐकतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे, तेच आज लिहायचं आहे.

आधी चित्राबद्दल. १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-३डीएस वर गेला. २,२७४ किलोचा हा उपग्रह, पैसे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे. त्याचा थोरला भाऊ इन्सॅट-३डीआर २०१६ पासून वर आहेच. दोघंही सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्या डोक्यावरून हलत नाहीत. एकेकाचं चित्र अर्ध्या तासाने येतं. दोघांच्या वेळा मागेपुढे ठेवल्या की पाव तासाला नवं चित्र मिळतं. चित्रावर वेळ छापलेली असते, ती सगळ्यात आधी वाचा. व्हॉट्सॲपवर वेळ कापून फिरवलेलं चित्र कालचं आहे की परवाचं हे कळायला मार्ग नसतो, आणि असल्या चित्रावर कुणी घर सोडू नये की कुणी निर्धास्तही राहू नये.

रात्री आपण बघतो ते अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र. त्यात ढगाचा फोटो नसतो, ढगाच्या माथ्याचं तापमान असतं. ढग जितका उंच तितका माथा थंड, आणि जितका थंड तितका तो चित्रात पांढराशुभ्र. विदर्भात मे महिन्यात गडगडाट करत उठणारे ढग यात अगदी ठळक दिसतात. पण आपल्या घाटातला पाऊस निराळा. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं आणि पुष्कळदा बुटक्या ढगांतूनच कोसळतं. या ढगांत बर्फ तयार व्हावा लागत नाही, थेंबावर थेंब आदळूनच ते मोठे होतात. माथा फारसा थंड नाही, म्हणून चित्रात नुसता राखाडी पट्टा. तिकडे ताम्हिणी घाटात मात्र पावसाने समोरचा माणूस दिसत नाही.

चित्रात न दिसणारा हा पाऊस मग कळायचा कसा, हा प्रश्न मी २३ मार्चला, जागतिक हवामान दिनाला, शिवाजीनगरच्या हवामान खात्यात जाऊन विचारला होता. जुने पुणेकर त्या वास्तूला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, तेव्हापासूनचं हे नाव. तिथल्या एक मॅडम माझ्या लेकीला पर्जन्यमापक दाखवत होत्या. माझा प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, म्हणूनच तर हे पत्र्याचं भांडं आम्ही सोडत नाही." उपग्रहावरून काढलेला पाऊस आणि जमिनीवर मोजलेला पाऊस यांचा मेळ घालूनच पावसाचा नकाशा बनतो. मापक जवळ असेल तिथे आकडा दुरुस्त होतो, नसेल तिथे उपग्रहाच्या अंदाजावरच भिस्त.

याच बुटक्या ढगांसाठी पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली आहे, २०१२ पासून. पावसाळ्यात तिथे ढग खाली येऊन उपकरणांवरूनच जातो. थेंब किती, केवढे, हवेतले कोणते कण धरून ते तयार झाले, हे विमान न उडवता मोजता येतं. मला या सगळ्या कामात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. वरून जे दिसत नाही ते ढगात उभं राहून मोजायचं. आयआयटीएमची सुरुवात १९६२ ची, आणि तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी, ज्यांना पुढे भारतातल्या सुदूर संवेदनाचे, म्हणजे विमान-उपग्रहांवरून जमीन, समुद्र, हवा न्याहाळण्याच्या शास्त्राचे, जनक म्हटलं गेलं. म्हणजे या संस्थेचं आकाशावरून बघण्याशी नातं अगदी पहिल्यापासूनचं.

आयआयटीएमचं अलीकडचं मोठं काम म्हणजे २६ मे २०२५ ला देशाला दिलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम', म्हणजे हवामानाचा अंदाज काढणारं संगणकी मॉडेल. आधीचं जागतिक मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करायचं, हे ६ किलोमीटरच्या करतं, पाषाणच्या 'अर्क' या महासंगणकावर. फरक किती पडतो ते आमच्याच भागावरून सांगते. ताम्हिणी ते पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला आणि शिवाजीनगरला ११४. एवढ्याशा अंतरात पाचपट फरक! १२ किलोमीटरच्या मॉडेलला घाटमाथा, उतार आणि शहर मिळून चार चौकटी मिळतात. आता आठ. माथ्यावरचा पाऊस शहराच्या सरासरीत विरघळून जाण्याची भीती तेवढी कमी.

त्या सकाळी खडकवासला धरणातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं होतं. पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. आमचे खालचे वाफे गेले, रोपं गेली, पण माणसं सुखरूप राहिली. वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी शेवटी खडकवासल्यातच येतं, तेव्हा शिवण्यात ऊन आहे की पाऊस याला अर्थ नाही. तिकडे वर काय पडलं, ते कळायला हवं.

आणि असे दिवस वाढताहेत. आयआयटीएमचेच रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना बाष्प पुरवतो तो आपला अरबी समुद्र. लेकीच्या पिढीला नदीकाठी राहायचं असेल तर हे आकडे भूगोलाच्या धड्याइतके तोंडपाठ हवेत.

म्हणून अण्णांचं ऐकते. सिंहगडावर आणि त्यामागच्या डोंगरावर ढग किती खाली उतरलाय, हे ते खालून बघतात. उपग्रह तेच वरून बघतो, आणि त्याला फक्त माथा दिसतो. दोन्ही लागतं.

आता एक मागणं. आमच्या नर्सरीत पर्जन्यमापक बसवलाय, नोंद रोज सकाळी साडेआठला, खात्याच्याच वेळेला. पण शिवण्यातला पाऊस मोजून नदीचं काही कळत नाही. मुळशी, वेल्हे, पानशेतच्या बाजूला कुणाच्या शेतात, शाळेत, फार्महाऊसवर मापक असेल तर खाली लिहा. नसेल आणि बसवायची इच्छा असेल तरी लिहा. भांडं झाडापासून आणि पत्र्याच्या कडेपासून लांब, मोकळ्यावर हवं. रोजचा आकडा साडेआठलाच घ्यायचा, आणि पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं.