कोकम उद्योगाचे संकेतस्थळ : आतापर्यंतची बांधणी

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतील एका घरगुती कोकम उद्योगासाठी जे संकेतस्थळ मी हौसेने बांधत आहे, त्याचा सांगाडा आता उभा राहिला असून मालाची पाटी, दर आणि मागणी नोंदवण्याची सोय ही तीन अंगे चालू झाली आहेत. छायाचित्रे अर्धीच झाली आहेत, तर इंग्रजी पानाला अजून हात लावलेला नाही. उद्योग चालवणाऱ्या काकी आमच्या शेजारच्या. आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम (साखर घातलेला गोड पाक) एवढाच त्यांचा माल, आणि घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे चाकरमानी किंवा त्यांच्या ओळखीतले लोक.

आराखडा करताना पहिला निर्णय घेतला तो हा, की याचे ऑनलाइन दुकान करायचे नाही. दुकानाच्या तयार प्रणाली संपलेला माल लवकरच पुन्हा भरला जाईल असे धरून चालतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, मात्र एप्रिल-मेमध्ये उतरतात, सालींना रसाची पुटे देऊन त्या उन्हात वाळवण्याचे काम पाऊस लागायच्या आत उरकावे लागते, आणि त्यानंतर बरण्यांत जे असेल त्यावरच पुढचा उन्हाळा गाठायचा असतो. म्हणून मुख्य पानावर आज घरात काय आहे आणि काय संपले आहे, एवढे सांगणारी पाटीच ठेवली. संपलेला माल पानावरून काढून न टाकता ‘पुढच्या मेमध्ये’ अशा शेऱ्यासह तिथेच राहतो, कारण जुना दुवा जपून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला कोरे पान दिसता कामा नये.

पाटी खरी राहायची तर ती काकींनाच बदलता आली पाहिजे. ‘दर बदललो तर दरवेळी तुका हाक मारू काय?’ हा त्यांचा प्रश्न मी आवश्यकतांच्या यादीत सर्वांत वर लिहून ठेवला होता. त्यामुळे सगळी माहिती गूगल शीटच्या एकाच तक्त्यात आहे, आणि इलेव्हन्टी ही प्रणाली त्यावरून स्थिर, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली, पाने तयार करते; या कामाला बांधणी म्हणतात. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘पाटी बदला’ असा एक चौकोन आहे. दर किंवा शिल्लक बदलून त्यावर खूण केली की ॲप्स स्क्रिप्ट (शीटला जोडलेली गूगलची छोटी आज्ञावली) होस्टिंगला, म्हणजे पाने जिथे ठेवली आहेत त्या सेवेला, नव्या बांधणीचा निरोप देते. बटण किंवा खास मेनू न ठेवता चौकोन ठेवण्याचे कारण असे, की शीटच्या मोबाइल ॲपमध्ये स्क्रिप्टचे मेनू दिसतच नाहीत, खुणेचा चौकोन मात्र चालतो. त्यासाठी तक्ता बदलताच आपोआप चालणारा साधा ‘ऑनएडिट’ पुरत नाही. बाहेरच्या पत्त्याला हाक मारायची असल्याने परवानगी देऊन बसवलेला ट्रिगर लागतो. तसेच ‘वेबवर प्रकाशित करा’मधून मिळणाऱ्या सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या मजकूर-प्रतीत) बदल उमटायला काही मिनिटे लागतात आणि खूण करताच सुरू झालेली बांधणी जुनाच दर उचलू शकते. त्यामुळे माहिती त्याच स्क्रिप्टच्या पत्त्यावरून जेसन या मजकूर स्वरूपात थेट घेतली आहे.

आकड्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठी कळफलकावरून काकी ‘२५०’ असा देवनागरी आकडा टाकतात, आणि पाने बनवणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेच्या लेखी तो आकडाच नसतो. तिच्या ‘नंबर’ या आज्ञेला दिला की ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’, असे उत्तर परत येते. म्हणून माहिती आत येतानाच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घेतले जातात, आणि दाखवताना जावास्क्रिप्टमधील ‘इंटल’च्या आकडे मांडण्याच्या सोयीला मराठी भारतीय लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिले की ते पुन्हा देवनागरीत, लाख-हजारांच्या आपल्या स्वल्पविरामांसह उमटतात.

सर्वांत अधिक वेळ अक्षरांनी घेतला आणि तो सत्कारणी लागला असे माझे मत आहे. आपल्याकडच्या पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, कारण बऱ्याच देवनागरी फाँटांत तेच मूळ रूप असते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातील रूपे फाँटात असली, तरी पानाची भाषा मराठी असल्याचे ब्राउझरला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत भाषा मराठी केली आणि मजकुराच्या नोटो सान्स देवनागरी फाँटातील ‘आमसूल’ तत्काळ ओळखीचे दिसू लागले. शीर्षकांसाठी तिरो देवनागरी मराठी हा फाँट निवडला, ज्यात ही रूपे मुळातच आहेत. त्याला ठळक वजन नाही, हे ध्यानात ठेवून शीर्षकांचे वजन सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइलीत) साधे केले पाहिजे. नाहीतर ब्राउझर स्वतःच अक्षरे फुगवतो आणि ‘ळ’ची पोकळी बुजते. फुकट मिळणाऱ्या साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची जी फॅशन आहे, तिने शिरोरेषा तुटते, म्हणून ते अंतर शून्य केले आणि वेलांट्या-उकार एकमेकांना भिडू नयेत यासाठी ओळींतील अंतर वाढवले.

फाँट कापून लहान करताना पानावर आज असलेल्या अक्षरांपुरता तो कापण्याचा मोह होतो, कारण फाइल फारच हलकी होते. पण काकींनी उद्या तक्त्यात ‘ढ’ असलेला एखादा शब्द लिहिला की तेवढे एक अक्षर दुसऱ्याच फाँटात उमटेल. म्हणून युनिकोडमधील देवनागरीचा १२८ जागांचा गट पूर्ण ठेवला, शिवाय रुपयाचे चिन्ह आणि अक्षरे जोडणारे व तोडणारे अशी दोन अदृश्य चिन्हेही ठेवली. फाँट कापण्याचे साधन फाँटटूल्स त्या गटातील जोडाक्षरे आपोआप सोबत घेते. ‘बऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’ हे शब्द मी प्रत्येक कापणीनंतर मुद्दाम तपासतो.

मागणी व्हॉट्सॲपवरून येते. प्रत्येक मालाखालच्या दुव्यात मालाचे नाव आणि वजन आधीच भरलेले असते. देवनागरी मजकूर दुव्यात टाकताना त्याचे सांकेतिकरण (प्रत्येक अक्षराऐवजी टक्केचिन्ह आणि इंग्रजी अक्षर-अंक) करावे लागते आणि तो कमालीचा लांबतो, म्हणजे ‘आगळ’ हा तीन अक्षरांचा शब्द २७ चिन्हांचा होतो, परंतु तो लांबलेला दुवा कोणी वाचत नसल्याने त्याची चिंता नाही. क्रमांकाच्या आधी देशाचा ९१ घालायचा, अधिक चिन्ह किंवा शून्य घालायचे नाही. पैसे मात्र पानावर घेतलेच जात नाहीत. माल शिल्लक असल्याची खात्री करून काकी यूपीआयचा क्यूआर स्वतः पाठवतात. आगळाच्या बाटल्या वाटेत गळण्याचा धोका असल्याने तो घरून किंवा ओळखीच्या गाडीनेच द्यायचा असे त्यांनी ठरवले आहे, आणि पाटीवर तसा स्वतंत्र रकाना आहे.

वेष्टनबंद मालाच्या २०११च्या वजनमापे नियमांनुसार ऑनलाइन विकताना उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील पानावर द्यावे लागतात. ते, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, तक्त्यातूनच येतात. येथील कोकमाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे खरा, पण ते बोधचिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्यांसाठी असल्याने काकींची नोंदणी होईपर्यंत ते पानावर चढणार नाही. कोकमाने वजन उतरते, पित्त शमते वगैरे दावे लिहावेत असा दोन हितचिंतकांचा आग्रह होता. तो मी मानला नाही.

होस्टिंग निवडण्यापूर्वी फुकट सेवांचे नियम वाचून घ्यावेत. गिटहब पेजेसवर ऑनलाइन व्यवसाय चालवण्यास मनाई आहे आणि व्हर्सेलची हौशी योजना बिगरव्यावसायिक कामापुरतीच आहे. म्हणून क्लाउडफ्लेअर पेजेस घेतले; त्याच्या फुकट योजनेत महिन्याला ५०० बांधण्या मिळतात. दर तासाला आपोआप बांधणी लावली असती तर ३० दिवसांत ७२० झाल्या असत्या. खुणेचा चौकोन इथेही कामाला आला.

छायाचित्रांत अडचण आमसुलांचीच आहे, कारण त्यांचा गडद जांभळा रंग फोनच्या कॅमेऱ्यात सरसकट काळा येतो. पडवीत सकाळच्या सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या पत्रावळीवर पसरून आणि एक्स्पोजर थोडे चढवून घेतल्यावर सालीच्या सुरकुत्या आणि मिठाचे कण दिसू लागले, आणि तीच पद्धत उरलेल्या मालालाही लावणार आहे. चित्रे वेबपी या हलक्या स्वरूपात असून प्रत्येकाची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहिलेली आहे, जेणेकरून घाटात रेंज अर्धवट असताना चित्र उशिरा आले तरी वाचत असलेली ओळ खाली सरकत नाही.

त्यानंतर इंग्रजी पान. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही भाषांच्या पानांवर एकमेकांचे ‘एचरेफलँग’ दुवे (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे हे शोधयंत्राला सांगणारे) द्यावे लागतील, कारण एकाच बाजूने दिलेला दुवा गूगल धरत नाही. तक्त्यात इंग्रजी नावांचे रकाने आताच करून ठेवले आहेत, मात्र ते भरण्यासाठी काकींचा पुतण्या गणपतीला येईपर्यंत थांबावे लागेल.