रोबोट घेऊन गुहागरहून रत्नागिरीला

फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे एफटीसी, मुलांनी बनवलेल्या रोबोटांची स्पर्धा. तिच्यात आमच्या शाळेचं हे पहिलंच वर्ष. गुहागरात विचारायला कुणी नाही. रत्नागिरीत एक जुनी टीम आहे असं कळलं, तेव्हा रोबोट गाडीत घालून मुलांसकट तिकडेच गेलो.

तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, पुढे गणपतीपुळे, आरे-वारे. चिपळूणचा वळसा वाचतो. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून ठेवा, कारण मुलं एकदा रोबोटला लागली की घड्याळ बघत नाहीत. बॅटरी काढून वेगळी ठेवा. बोटीवर काचा बंद. खारं वारं साध्या स्क्रूंना गंज आणतं, स्टेनलेसचे घ्या.

मॅच अडीच मिनिटांची. पहिले ३० सेकंद रोबोटने स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालायचं, मग दोन मिनिटं मुलांच्या हाती गेमपॅड. आमच्या पोरांनी रोबोटला बसवायचा भलामोठा हात कागदावर काढून नेला होता. रत्नागिरीच्या टीममधल्या मुलींनी तो बघितला आणि विचारलं, "आधी रोबोटची गाडी सरळ जाते का?" ती जात नव्हती! वर्गातल्या फरशीवर नीट चालणारा प्रोग्रॅम स्पर्धेच्या मैदानात असतात तसल्या फोमच्या टाइल्सवर वाकडा गेला. त्यांचा रोबोट दिसायला अगदी साधा, पण एकच काम दरवेळी करतो. दोन टीम मिळून दोघींविरुद्ध खेळतात, त्यामुळे जोडीदाराला असाच भरवशाचा रोबोट हवा असतो. माझ्या मते पहिल्या वर्षी हाताचा नाद सोडावा.

त्यांची आणखी एक सवय आम्ही उचलली: प्रत्येक फेरीनंतर एकेक वायर हलवून बघायची. धक्क्यांनी कनेक्टर सैल होतात आणि दोष उगाच प्रोग्रॅमला जातो.

कंट्रोल हब (रोबोटचा मेंदू) आणि मोटरी विकतच घ्याव्या लागतात, खर्च तिथेच. सांगाड्याचं ॲल्युमिनियम मात्र स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे तुकड्यांच्या भावात मिळतं, कापूनही देतो. सुरुवातीला रोबोट १८ इंची घनात मावायला हवा, तेव्हा आतून तेवढ्याच मापाचा प्लायवूडचा खोका सुताराकडून करून घ्या. मापही होतं आणि प्रवासाची पेटीही.

पूर्ण मैदानाला दोन फुटी ३६ टाइल्स लागतात. त्या टीमकडे नऊच आहेत. एका कोपऱ्यातून निघायचा सराव तेवढ्यात होतो. आम्हीही आधी नऊच मागवतोय.